अवकाशातील पदार्थांची परीक्षा

अवकाशप्रवासाचा इतिहास आपण बहुधा माणसांच्या नावांनी स्मरणात ठेवतो. १९६१ साली युरी गागारिन पृथ्वीभोवती फिरून आले, १९६३ साली व्हॅलेंतिना तेरेश्कोवा गेल्या, १९६९ साली नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले. ही नावे शाळेतील मुलांनाही पाठ असतात, आणि ती असावीतही. परंतु ही माणसे ज्या यानांत बसून गेली ती याने कशाची घडविली होती, त्यांचे सांधे का निखळले नाहीत, त्यांची चाके का अडकली नाहीत, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. जी वस्तू मोडत नाही तिच्याकडे आपले लक्षच जात नाही. तथापि ती मोडू नये म्हणून कोणीतरी आपले आयुष्य वेचलेले असते. अशाच एका भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीच्या कार्याचा परिचय आज मी आपणांस करून देणार आहे. त्यांचे नाव ऍन व्हिटेकर. अवकाशात गेलेले पदार्थ कसे झिजतात आणि ती झीज कशी थोपवावी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

प्रथम ह्या विषयाची ओळख करून घेऊ. अवकाश म्हणजे निव्वळ पोकळी. तेथे पाऊस नाही, वारा नाही, गंज चढविणारी दमट हवा नाही. तेव्हा तेथे ठेवलेली वस्तू वर्षानुवर्षे जशीच्या तशी राहावी, असे प्रथमदर्शनी वाटते. वस्तुस्थिती फार निराळी आहे. पृथ्वीजवळच्या कक्षेत फिरणारे यान सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करते. म्हणजे आपल्या एका दिवसात त्याच्यावर पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो आणि तितक्याच वेळा मावळतो. उन्हात आले की पत्रा तापतो आणि प्रसरण पावतो. सावलीत शिरला की थंडीने आकसतो. हे रात्रंदिवस चालू राहते. सूर्याच्या जंबुपार किरणांना अडविणारे वातावरण तेथे नसते. आणि हवेचा दाब नसल्यामुळे साध्या तेलातुपासारखी वंगणे हळूहळू उडून जातात.

वंगणाचीच गोष्ट घ्या. शिसपेन्सिलीत असते ते ग्रॅफाइट गुळगुळीत असते, हे आपण जाणतो. यंत्राच्या भागांतील घर्षण कमी करण्यासाठी त्याचा उपयोग करतात. परंतु ग्रॅफाइटचा हा गुळगुळीतपणा त्याला चिकटलेल्या बाष्पावर बराचसा अवलंबून असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमाने फार उंचावरून उडू लागली, तेव्हा त्यांच्या विद्युत् यंत्रांतील कार्बनचे ब्रश भराभर झिजू लागले. त्यांचा भुगा का होतो हे शोधता शोधता कारण सापडले: उंचावरील कोरड्या हवेत बाष्पच नव्हते. अवकाशात तर ग्रॅफाइटचा काहीच भरवसा धरता येत नाही. तेथे मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखे पदार्थ वापरावे लागतात. शिवाय दोन स्वच्छ धातूंचे पृष्ठभाग निर्वातात एकमेकांवर दाबले गेले, तर ते उष्णतेवाचूनही एकमेकांना घट्ट चिकटण्याचा संभव असतो. पृथ्वीवर सुरळीत फिरणारी बिजागरी वर गेल्यावर फिरेलच, असे म्हणता येत नाही ते ह्यामुळे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात हंट्सव्हिल नावाचे शहर आहे. तेथे १९६० साली मार्शल अवकाश उड्डाण केंद्र स्थापन झाले. चंद्रावर माणसे नेणारे सॅटर्न अग्निबाण ह्याच केंद्राच्या देखरेखीखाली आकाराला आले. ह्या केंद्रात ऍन व्हिटेकर वंगणे आणि पदार्थांचे पृष्ठभाग ह्यांचा अभ्यास करीत असत. १९७४ साली डिसेंबर महिन्यात तेथे एक आगळा प्रयोग झाला. पुढे अवकाशात एक प्रयोगशाळा न्यावयाची होती; तिचे नाव स्पेसलॅब. तीत शास्त्रज्ञ कसे काम करतील, कोणत्या अडचणी येतील, हे आधी जमिनीवरच पाहावे म्हणून तिची एक प्रतिकृती तयार केली होती. तिच्यातील हवा, उष्णता आणि आर्द्रता ह्यांवर काटेकोर नियंत्रण होते. पाच दिवसांच्या ह्या कृत्रिम सफरीसाठी ज्या शास्त्रज्ञांची निवड झाली त्या सर्व स्त्रिया होत्या: व्हिटेकरबाई, पदार्थशास्त्राच्या अभ्यासक कॅरोलिन ग्राइनर, धातुशास्त्रज्ञ मेरी हेलन जॉन्स्टन आणि चौथ्या डोरिस चँडलर. ह्या पाच दिवसांत त्यांनी निवडक अकरा प्रयोग केले. पाण्याच्या प्रचंड टाकीत अवकाशपोशाख चढवून वजनरहित अवस्थेत हालचाली करण्याचा सरावही व्हिटेकर, ग्राइनर आणि जॉन्स्टन ह्या तिघींनी केला.

ह्या घटनेचे महत्त्व कळावयास तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. १९७४ पर्यंत एकही अमेरिकन स्त्री अवकाशात गेलेली नव्हती. तेथील अवकाशवीरांच्या तुकडीत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९७८ साली. आणि सॅली राइड ह्यांचे उड्डाण झाले ते १९८३ च्या जूनमध्ये. म्हणजे हंट्सव्हिलच्या ह्या चौघी दरवाजा उघडण्यापूर्वीच उंबरठ्याशी पोचल्या होत्या. त्यांपैकी जॉन्स्टनबाईंची १९८५ च्या एका स्पेसलॅब सफरीसाठी राखीव शास्त्रज्ञ म्हणून निवड झाली. ग्राइनरबाई पुढे मार्शल केंद्राच्या उपसंचालक झाल्या आणि १९९८ साली काही महिने त्यांनी केंद्राच्या प्रमुखपदाची धुराही वाहिली. परंतु प्रत्यक्ष अवकाशात जाण्याचा योग चौघींपैकी एकीलाही आला नाही. व्हिटेकरबाई गेल्या नाहीत. गेले ते त्यांनी निवडलेले पदार्थ. आणि ते जेथे गेले तेथून त्यांनी काय अनुभव आणला, हे वाचणे हेच त्यांचे जीवनकार्य ठरले.

१९८१ साली अमेरिकेचे पहिले अवकाशविमान, म्हणजे शटल, वर जाऊन परत आले. यान संपूर्ण परत आल्यामुळे वरच्या मुक्कामाचे परिणाम हाताळून पाहता येऊ लागले. आणि तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. कॅमेऱ्यांवर उष्णतारोधक म्हणून गुंडाळलेल्या कॅप्टॉन नावाच्या पिवळ्या, चकचकीत पॉलिमरची चकाकी मावळली होती. त्याचा पृष्ठभाग कोणी बारीक कानशीने घासावा तसा खरखरीत झाला होता. हे कोणी केले? ते काम होते ऑक्सिजनचे. आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू एकमेकांशी जोडलेले असतात. फार उंचावर सूर्याचे जंबुपार किरण ही जोडी फोडतात, आणि तेथील अतिविरळ हवेत ऑक्सिजनचे सुटे अणू हिंडत राहतात. सुटा अणू स्वभावतःच दुसऱ्या पदार्थाला बिलगण्यास उत्सुक असतो. त्यातच यानाचा वेग सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर. त्या वेगाने यान ह्या अणूंवर आदळते, तेव्हा पॉलिमरातील रासायनिक बंध तुटतात, त्यांतील कार्बनचा वायू होऊन निघून जातो, आणि पदार्थ थराथराने नाहीसा होऊ लागतो. पृथ्वीवर जो वायू आपला प्राण, तोच वर यानाचे पांघरूण कुरतडतो.

ह्या कुरतडण्याचे मोजमाप करण्यासाठी १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चॅलेंजर ह्या शटलच्या सफरीत पदार्थांचे अनेक नमुने नेण्यात आले. ऑक्सिजनचा मारा भरपूर व्हावा म्हणून यान मुद्दाम सव्वादोनशे किलोमीटरांपर्यंत खाली आणले आणि नमुने चाळीस तासांहून थोडा अधिक वेळ त्या माऱ्यासमोर धरले. तेवढ्या अवधीत कॅप्टॉनचा सुमारे दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, थर झिजला. आकडा किरकोळ वाटेल. परंतु यानाचे आवरण पुष्कळदा पंचवीस मायक्रॉनचेच असते. त्या उंचीवर ते चार-पाच दिवसांत संपले असते! ह्या सफरीतील उष्णतानियंत्रक आणि प्रकाशीय पदार्थांवर काय परिणाम झाला ह्याचा तपशीलवार अहवाल व्हिटेकरबाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह १९८५ साली सादर केला.

श्रोतेहो, ह्या सफरीशी आपलाही एक धागा जुळलेला आहे. त्याच चॅलेंजरने ह्याच सफरीत आपल्या देशाचा इन्सॅट-१बी हा उपग्रह वर नेऊन सोडला. आकाशवाणी आणि दूरदर्शन ह्यांचे कार्यक्रम देशाच्या कानाकोपऱ्यांत पोचविण्याच्या कामी ह्या उपग्रहाची मोठी मदत झाली. त्याची सौरफलके प्रारंभी पुरती उलगडेनात. ती उलगडेपर्यंत काही दिवस शास्त्रज्ञांचा जीव टांगणीला लागला होता. एक घडी उलगडली नाही तर कोट्यवधी लोकांची सोय धोक्यात येते. पदार्थ आणि यंत्रे वर कशी वागतात हा प्रश्न केवळ ग्रंथांतला नव्हे, एवढे ह्या एका उदाहरणाने पटावे.

दोन दिवसांची परीक्षा झाली. पण अवकाशस्थानक तर वीस-तीस वर्षे टिकावयास हवे. त्याची परीक्षा कशी घ्यावयाची? ह्यासाठी दीर्घकाळ अवकाशात ठेवून परत आणावयाचा एक उपग्रह अमेरिकन शास्त्रज्ञांनी तयार केला. त्याच्या लांबलचक नावाचे आद्याक्षरांवरून ‘एल्डेफ’ असे लघुरूप झाले. नऊ मीटर लांब, सव्वाचार मीटर रुंद, बारा बाजूंचा आणि सुमारे साडेनऊ टनांचा हा सांगाडा म्हणजे जणू एक फिरते प्रदर्शनच होते. त्याला इंजिन नव्हते. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या आधारे तो स्थिर राही आणि त्याची एकच बाजू सदैव पुढे असे. त्यावर ५७ प्रयोग आणि दहा हजारांहून अधिक नमुने मांडले होते. शाळांतील मुलांनी पेरून पाहावे म्हणून टोमॅटोचे सव्वा कोटी बीही त्यात ठेवले होते.

त्या ५७ प्रयोगांपैकी सौरफलकांत वापरावयाच्या पदार्थांचा प्रयोग व्हिटेकरबाईंच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाला होता. सौरघट, त्यांवरील काचा, घटांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, पॉलिमरचे पापुद्रे, कार्बनतंतूंचे संमिश्र पदार्थ असे सुमारे शंभर प्रकार त्यात होते. चांदीचेच पाहा. आपल्या देवघरातील चांदी काळवंडते ती हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे. साध्या ऑक्सिजनचे तिच्यापुढे फारसे काही चालत नाही. परंतु ऑक्सिजनचा सुटा अणू चांदीलाही सोडत नाही. तो तिच्यावर काळे ऑक्साइड चढवितो, त्याचे पापुद्रे सुटतात, खालची चांदी पुन्हा उघडी पडते. सौरघटांना जोडणारी चांदीची पट्टी अशी खाल्ली गेली तर वीज असूनही ती यानापर्यंत पोचणार नाही.

१९८४ च्या एप्रिलमध्ये ७ तारखेला चॅलेंजरने एल्डेफला सुमारे पावणेपाचशे किलोमीटर उंचीवर सोडले. योगायोग असा, की त्या दिवशी आपले राकेश शर्मा सोव्हिएत स्थानकात पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते. एल्डेफ वर्षाच्या आतच परत आणावयाचे ठरले होते. परंतु प्रथम वेळापत्रक लांबले, आणि मग १९८६ च्या २८ जानेवारीस तेच चॅलेंजर उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले. सात माणसे प्राणांस मुकली. त्यांत जुडिथ रेझ्निक आणि क्रिस्टा मॅकऑलिफ ह्या दोन स्त्रिया होत्या. अपघाताचे कारण काय निघाले? अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कडे त्या सकाळच्या कडाक्याच्या थंडीत ताठरले आणि सांधा वेळेवर बंद करू शकले नाही. एका पदार्थाचा एक गुण थंडीने हरपला, आणि त्याची किंमत सात जीवांनी मोजली.

त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक काळ शटलची उड्डाणे बंद होती. एल्डेफ मात्र वर फिरतच होता. सूर्यावरील उलाढाली त्या वर्षांत वाढल्यामुळे पृथ्वीचे वरचे वातावरण फुगले, आणि त्याच्या घर्षणाने उपग्रहाची उंची झपाट्याने घटू लागली. आणखी थोडा काळ गेला असता तर तो वातावरणात शिरून भस्म झाला असता, आणि शेकडो शास्त्रज्ञांची मेहनत त्याच्याबरोबर गेली असती. वाट पाहण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हते. अखेर १९९० च्या १२ जानेवारीस कोलंबिया शटलने त्याला सुमारे ३३० किलोमीटरांवर गाठले. यांत्रिक हाताने त्याला अलगद पकडले ते बॉनी डनबार ह्यांनी. डनबारबाई मूळच्या मृत्तिकाशास्त्राच्या अभियंता. शटलला उष्णतेपासून वाचविणाऱ्या कौलांच्या निर्मितीत त्यांनी काम केले होते. दुसऱ्या एक प्रवासी मार्शा आयव्हिन्स ह्यांनी त्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे घेण्याचे काम केले. पदार्थांच्या अभ्यासक स्त्रीने जमिनीवर मांडलेला प्रयोग पदार्थांच्याच जाणकार अशा दुसऱ्या स्त्रीने आकाशातून परत आणला.

दहा महिन्यांचा पाहुणा ६९ महिने राहून आला होता. त्याने ३२,४२२ प्रदक्षिणा केल्या होत्या. पण जी दिरंगाई संकट वाटली तीच विज्ञानाला लाभदायक ठरली. इतक्या दीर्घ मुक्कामाचा पुरावा एरवी मिळालाच नसता. पुढील बाजूची पॉलिमरची पातळ आवरणे झिजून नाहीशी झाली होती. मागील बाजूस तीच आवरणे टिकून होती. सूक्ष्म उल्का आणि मानवनिर्मित कचरा ह्यांच्या आघातांच्या तीस हजारांहून अधिक खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. मात्र ज्यांवर योग्य लेप दिला होता ते नमुने पुष्कळ अंशी सुरक्षित होते. ह्या ज्ञानाचे फळ आज आपल्या डोक्यावरून जाते. २००० साली आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर पहिला मोठा सौरपंख पसरला. त्या पंखांच्या कॅप्टॉनच्या आधारपत्रांवर सिलिकॉनच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ लेप आहे. वाळू आणि काच ज्याची बनते त्याच जातीचा हा पदार्थ. त्यात ऑक्सिजन आधीच असल्यामुळे नव्या ऑक्सिजनला तेथे करण्यासारखे काही उरत नाही. अनेक संशोधकांनी वर्षानुवर्षे जमविलेल्या मोजमापांवर असे निर्णय उभे असतात. व्हिटेकरबाई त्यांपैकी एक. कालांतराने त्या मार्शल केंद्रातील विज्ञान विभागाच्या संचालक झाल्या.

एल्डेफला सुखरूप आणणारे कोलंबिया शटलही पुढे टिकले नाही. २००३ च्या १ फेब्रुवारीस परतीच्या वाटेवर ते भंगले, आणि त्यात आपल्या कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी मृत्यू पावले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखाच्या कडेच्या कार्बनी कवचावर आदळला. तेथे पडलेल्या भगदाडातून परतीच्या वेळी धगधगता वायू आत शिरला. हलकासा फेस आणि कठीण कवच, ह्या दोन पदार्थांची ही गाठ. ज्या यानाने एल्डेफ सोडला आणि ज्याने तो परत आणला, ती दोन्ही याने पदार्थांनीच दगा दिल्यामुळे गेली. म्हणून पदार्थांची परीक्षा हे काम दुय्यम मानता येत नाही. माणसाला वर पाठविण्याचा आपल्याला अधिकार पोचतो, तो त्याच्याभोवतीच्या प्रत्येक वस्तूची खात्री करून घेतल्यानंतरच.

हे काम पुढील पिढीनेही चालू ठेवले आहे. २००१ साली अवकाशस्थानकाच्या बाहेर नमुन्यांच्या पेट्या बसविल्या गेल्या. त्यांपैकी ४१ पॉलिमरांचा एक प्रयोग ग्लेन संशोधन केंद्राच्या किम डी ग्रो ह्यांनी ओहायो राज्यातील हॅथवे ब्राउन ह्या शाळेच्या विद्यार्थिनींसमवेत सिद्ध केला होता. पॉलिमर हवेतील ओलावा शोषून घेतात आणि त्यामुळे वजन चुकते. म्हणून प्रत्येक नमुना निर्वातात कोरडा करून मग तोलावयाचा, असे जिकिरीचे काम होते. हेही नमुने लवकरच परत यावयाचे होते. पण कोलंबियाच्या अपघातामुळे तेही जवळजवळ चार वर्षे वर राहिले आणि २००५ साली खाली आले. पुन्हा तीच प्रतीक्षा, आणि प्रतीक्षेनंतर पुन्हा तसाच लाभ!

महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या अनेक मुली हे भाषण ऐकत असतील. त्यांना मी एवढेच सांगेन, की विज्ञानात कीर्तीच्या वाटा थोड्या आणि कामाच्या वाटा पुष्कळ आहेत. व्हिटेकरबाईंच्या वाट्याला अवकाशयात्रा आली नाही. पण ती आली नाही म्हणून त्यांचे काम अडले नाही. दहा महिन्यांत मिळावयाच्या उत्तरासाठी पावणेसहा वर्षे थांबावे लागले, आणि उत्तर हाती आले तेव्हा ते वाचण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. अशा संशोधकांची दिनचर्या बाहेरून नीरस दिसेल: नमुना तोलावा, आकडा लिहावा, पुन्हा तोलावा. परंतु त्या आकड्यांवर विसंबून माणसे पृथ्वी सोडून जातात. आज रात्री आकाश निरभ्र असेल आणि अवकाशस्थानक आपल्या गावावरून सरकत जाताना दिसले, तर त्याच्या तेजस्वी ठिपक्याबरोबर त्याच्या पंखांवरील तो न दिसणारा लेपही आठवून पाहावा.